इनामदार सरांचा एकच प्रश्न

गुणवत्ता येणार असली की आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये आधी कुंड्या यायच्या. पिरंगुटच्या नर्सरीतून, टेम्पो भरून, भाड्याने. मग रंगवाले यायचे, मग काचेचे बोर्ड लावणारे, मग लायब्ररीत सोफे. सगळ्यात शेवटी दोन-तीन दिवसांसाठी तपासणी समिती. समिती चहा-नाश्ता करून, श्रेणी देऊन गेली की कुंड्या परत जायच्या. गुणवत्ताही त्याच टेम्पोत बसून जात असावी, कारण नंतर ती कुणाला दिसल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मी तिथे प्लेसमेंट ऑफिसर होते. पाटी इंग्रजीत असल्यामुळे भारदस्त वाटते, पण काम म्हणजे कंपन्यांच्या दारात जाऊन ‘आमची मुलं घ्या हो’ म्हणून पदर पसरायचा. रोज सकाळी बावधनहून कॉलेजची बस धरायची, भूगावच्या ट्रॅफिकमध्ये झोप काढायची आणि मुळशी धरणाच्या अलीकडे डोंगरउतारावर बांधलेल्या त्या काचेच्या इमारतीत उतरायचं. ही इमारत आतून थंड आणि बाहेरून चकचकीत होती. तिच्यात एमबीए शिकवतात असं बाहेरच्या बोर्डावर लिहिलं होतं.

इनामदार सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते या इमारतीच्या पायरीवर बसून भाकरी खाताना. स्टाफरूममध्ये एसी होता, मायक्रोवेव्ह होता, आणि हे गृहस्थ बाहेर उन्हात डबा मांडीवर घेऊन सुकट-भाकरी खात होते. ठेंगणी मूर्ती, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि त्यातलं एक गळकं. मला वाटलं इलेक्ट्रिशियन असतील. मी विचारलं, “दादा, लिफ्ट चालू झाली का?”

“लिफ्टचं म्हाईत न्हाई,” ते म्हणाले. “मी ऑपरेशन्स मॅनेजमेंट शिकवतोय. तितंबी काय चालू न्हाई.”

मुनीर इनामदार मूळचे पौडचे. वडिलांचं पौडच्या बाजारात दोरखंड, घमेली, पत्र्याच्या बादल्या यांचं दुकान होतं, ते पुढे भावाकडे गेलं. हे शिकले, एका कारखान्यात लागले, नोकरी करत संध्याकाळच्या वर्गांना जाऊन एमबीए झाले आणि खरेदी विभागाचे मॅनेजर होईपर्यंत तिथेच राहिले. मग कंपनी परराज्यात गेली. सर गेले नाहीत. “सासू, सासरा, म्हशी, सगळं हितंच. तितं काय भाषाबी कळायची न्हाई,” असं कारण ते सांगायचे. असे ते आमच्याकडे आले, अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर. दर जूनमध्ये नवी ऑर्डर मिळायची. ती मिळते की नाही याची धाकधूक एप्रिलपासून सगळ्यांनाच असायची आणि त्यामुळे एप्रिल-मेमध्ये आमचा स्टाफ अतिशय गोड बोलायचा. सर तेवढे बाराही महिने तिखटच.

आता कुणी म्हणेल देवमाणूस असेल बिचारा. छे! देवमाणूस वगैरे काही नव्हते. आभार मानणं त्यांना ठाऊक नव्हतं. कुणाचं पेन घेतलं तर परत द्यायचे नाहीत. शोधनिबंध लिहायचा म्हटलं की त्यांची कंबर धरायची. आपल्याशिवाय सगळे गाढव, हे त्यांचं ठाम मत होतं आणि ते लपवण्याचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. ईदला मात्र मोठ्या स्टीलच्या डब्यातून शिरखुर्मा आणायचे आणि वाढताना म्हणायचे, “घ्या, ह्यात कुनी कॉपी केल्याली न्हाई.”

वर्गात ते मावळी मराठीत शिकवायचे. अधूनमधून इंग्रजी शब्द टाकायचे ते पितळेच्या भांड्याला कल्हई लावल्यासारखे. हे आमच्या डायरेक्टरना सोसायचं नाही. डायरेक्टर डॉ. खरवंडीकर म्हणजे गुणवत्तेचा साक्षात अवतार. त्यांच्या केबिनमध्ये ‘व्हिजन’ची एक काच होती आणि ‘मिशन’ची दुसरी. दर सहा महिन्यांनी त्या पुसून नव्या रंगवल्या जायच्या. एकदा ते सरांना माझ्यासमोर म्हणाले, “सर, थोडं इंग्लिश वाढवा. आपली मुलं ग्लोबल आहेत.”

सर घड्याळाकडे बघत म्हणाले, “ग्लोबल पोरं भूगावच्या ट्राफिकमधी अडकल्यात. आली की वाढवतो.”

दर वर्षी मुलांना धरणाच्या पाण्याकाठच्या एका रिसॉर्टवर ‘नेतृत्व शिबिरा’ला नेत. तिथे दोरावरून चालायचं, चिखलातून सरपटायचं आणि शेवटी एका स्टुलावर उभं राहून, डोळे मिटून, मागे पडायचं. मागचे लोक झेलतात आणि त्यातून विश्वास निर्माण होतो म्हणे. प्राध्यापकांनीही पडायचं असा डायरेक्टरांचा हट्ट. सगळे पडले. मीही पडले, जूनची ऑर्डर डोळ्यांपुढे ठेवून. इनामदार सर काही स्टुलावर चढेनात.

“सर, ट्रस्ट करा! मागे आपली टीम आहे,” डायरेक्टर ओरडले.

“टीम हाय म्हनूनच चढत न्हाई,” सर म्हणाले आणि भजी खायला निघून गेले.

फोटोतही ते कधी नसायचे. आमच्याकडे काही झालं की आधी फ्लेक्स आणि मग कार्यक्रम. फ्लेक्स धरून सगळे उभे राहिले की सर फोटोग्राफरच्या मागे जाऊन उभे राहायचे. “आरं, कुनीतरी बघनारं नगं का?” म्हणायचे.

पण सर लक्षात राहिले ते या टोमण्यांमुळे नव्हे. टोमणे मारणारे स्टाफरूममध्ये पैशाला पासरी होते, मीही त्यातलीच. सर लक्षात राहिले ते त्यांच्या व्हायवातल्या एका प्रश्नामुळे.

एमबीएच्या मुलांनी पहिलं वर्ष संपल्यावर उन्हाळ्यात आठ आठवडे कुठल्यातरी कंपनीत काम करायचं असतं. त्यावर प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायचा. मग परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा, तीच व्हायवा. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात मुलं काकाच्या, मामाच्या, मामाच्या मित्राच्या कंपनीचा शिक्का आणायची, ज्यांना मामा नव्हते त्यांना मी आणून द्यायचे. रिपोर्ट मागच्या वर्षीच्या मुलांकडून यायचा. आता तर तेवढेही कष्ट नाहीत, मोबाइलला सांगितलं की तोच लिहून देतो. काळं बाइंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरं. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक यायचे, श्रीखंड-पुरीचं जेवण व्हायचं, आणि तुम्ही आमच्या मुलांना सांभाळा, आम्ही तुमच्या सांभाळतो, या न्यायाने सगळ्यांना भरघोस गुण मिळायचे. मुलं खूश, पालक खूश, निकाल शंभर टक्के. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, पण दळणारा आंधळाही खूश असेल तर तक्रार करायची कुणी?

त्या वर्षी बाहेरचे परीक्षक ऐन वेळी आजारी पडले आणि व्हायवा इनामदार सरांच्या गळ्यात आली. मी कंपन्यांची प्रतिनिधी म्हणून बाजूला बसले होते. पहिला मुलगा टाय लावून आला. विषय होता, ‘एका पाइप कारखान्यातील कर्मचारी समाधानाचा अभ्यास.’ सरांनी रिपोर्ट उघडलाही नाही.

“गेटातनं आत गेलं की पयलं काय दिसतं?”

“सर?”

“कंपनीच्या गेटातनं आत गेलास न्हवं? पयलं काय दिसलं?”

मुलगा गडबडला. “सर… रिसेप्शन.”

“त्या कंपनीला रिसेप्शनच न्हाई. पाइपांचा ढीग हाय आनि ढिगाला बांधल्यालं कुत्रं. लई भुकतंय. तुला न्हाई भुकलं?”

दुसरा आला. त्यालाही तोच प्रश्न. “सर, सिक्युरिटी आणि… ग्रीनरी.” तिसऱ्याच्या रिपोर्टात आभाराचं पान उघडलं गेलं, त्यात त्याने ‘माझी पत्नी आणि दोन्ही मुलं यांच्या त्यागाशिवाय’ असं लिहिलं होतं. मुलगा बाविशीचा, हॉस्टेलवर राहणारा. नोकरी करत शिकणाऱ्या कुणा बाप्याचा रिपोर्ट त्याने जसाच्या तसा उचलला होता. सर उठून उभे राहिले आणि त्याच्याशी हात मिळवत म्हणाले, “आभिनंदन. वहिनी बऱ्या हायेत का?”

हसून हसून माझी पुरेवाट झाली. पण संध्याकाळी गुण भरताना सर हसत नव्हते. बॅचमधल्या तिसऱ्या हिश्श्याला त्यांनी नापास केलं आणि गुणपत्रिकेचं पाकीट सील करून, सही ठोकून, स्वतः विद्यापीठाच्या माणसाच्या हातात देऊन आले.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरांच्या केबिनमध्ये जो तमाशा झाला तो काचेच्या भिंतीतून सगळ्या इन्स्टिट्यूटने बघितला. मला आत बोलावलं होतं, कारण शिक्के आणायचं खातं माझं.

“चार महिन्यांवर समिती आलीय, इनामदार! निकालाचा टक्का बघतात ते सगळ्यात आधी. तुम्हाला जूनमध्ये ऑर्डर हवी आहे की नको?”

“पायजे की. घर हिच्यावरच चालतंय.”

“मग?”

“पोरांना आठ आठवडे द्या. खरोखरचे. कंपनीत जाऊ द्या. मग मी परत घेतो व्हायवा. आली उत्तरं तर पास.”

“आणि नाही आली तर?”

“तर मी जातो. ऑर्डर काढूच नका.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आनि बाई, तुमी नुसतं शिक्के आनता. जागा आना.”

मला राग आला. पण माणसाने स्वतःचं पोट पणाला लावलंय म्हटल्यावर काय बोलणार? मी पंधरवडाभर पिरंगुट, भुकूम, घोटवडे पालथं घातलं. मोठ्या कंपन्यांनी हाकललं. लहान लहान युनिटवाल्यांनी, मसाले पॅक करणाऱ्यांनी, खोके बनवणाऱ्यांनी, एकेक दोन-दोन मुलं घेतली. डायरेक्टरांनी नाइलाजाने होकार दिला, कारण सीलबंद पाकीट परत फोडता येत नव्हतं.

पुढे समिती आली. अध्यक्ष होते दक्षिणेतले एक म्हातारे निवृत्त कुलगुरू. त्यांना कुठून न्यायचं, कुठे थांबवायचं, त्यांनी कुठला प्रश्न विचारला की कुठल्या मुलाने कुठलं उत्तर द्यायचं, याची रंगीत तालीम आठवडाभर चालली होती. अध्यक्ष मात्र बाथरूम शोधता शोधता वाट चुकले आणि नेमके मागच्या खोलीत शिरले, जिथे इनामदार सर त्या नापास मुलांची फेरव्हायवा घेत होते. मीही तिथेच होते. सरांनी त्यांना ओळखलं नाही. “बसा आजोबा,” म्हणाले आणि प्रश्न विचारला.

समोर तोच मुलगा होता, पत्नी आणि दोन मुलांवाला. मसाल्याच्या युनिटमध्ये गेला होता.

“सर, गेटातून आत गेलं की चपलांचा ढीग दिसतो.”

“बरं. मग?”

“तो कंत्राटी बायकांचा आहे. कायम कामगारांना आत लॉकर आहेत. यांच्या चपला उघड्यावर. पावसाळ्यात भिजतात, एखादी वाहूनही जाते. मग बाई दुसऱ्या दिवशी येत नाही. मॅनेजर म्हणतो, पावसात बायका शेतावर लावणीला जातात म्हणून गैरहजेरी वाढते. मी विचारलं सगळ्यांना. लावणीला थोड्याच जातात. बाकीच्यांना ओल्या चपलांनी डोंगर उतरायचा कंटाळा येतो. सर, तिथे एक पत्र्याची शेड टाकली तर…”

तो बोलत होता आणि त्याला आपण काय बोलतोय ते कळत होतं. आमच्या इमारतीत असं क्वचितच व्हायचं. म्हाताऱ्या अध्यक्षांनी माझ्याकडून प्रत्येक वाक्याचं इंग्रजी करून घेतलं. मग बाथरूमला न जाताच ते बसून राहिले आणि पुढची चार मुलं ऐकली. अहवालात त्यांनी लिहिलं की या संस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट या खोलीत चालते.

झालं! डॉ. खरवंडीकरांना रात्रीत साक्षात्कार झाला. इनामदार कटकटे राहिले नाहीत, ते ‘आमचे इनामदार सर’ झाले. सभागृहात त्यांचा सत्कार झाला, शाल, श्रीफळ आणि काचेचं स्मृतिचिन्ह. जूनमध्ये ऑर्डर आली ती अकरा महिन्यांची नव्हे, कायम, आणि सोबत ‘गुणवत्ता समन्वयक’ ही पदवी. सरांच्या त्या साध्या प्रश्नाला नावही मिळालं, ‘गेट पद्धत’. फ्लेक्सवर प्रश्नचिन्ह आणि कारखान्याचं फाटक, दोन्ही होतं. आणि त्या फ्लेक्सच्या मधोमध, फोटोत, इनामदार सर.

मी म्हटलं, असेल, एखाद्या वेळी भीड पडली असेल. पण नाही. कोल्हा काकडीला राजी म्हणतात ते खोटं नाही. हा एवढा फटकळ माणूस, पण कुणी ‘व्वा’ म्हटल्यावर विरघळला. सरांनी कोट शिवला. ऑक्टोबर महिन्यात, मुळशीच्या त्या दमट उकाड्यात, कोट!

“सर, गरम होत नाही?” मी विचारलं.

“व्हतंय. पन आता बाहेरची लोकं येत्यात, बाई.”

विद्यापीठाने व्यवस्थापन शिक्षणाचा दर्जा उंचावण्यासाठी एक कार्यशाळा भरवली. पन्नासेक कॉलेजांचे लोक आले होते. सर व्यासपीठावर गेले आणि स्लाइडमागून स्लाइड दाखवत सगळं सांगून मोकळे झाले. पहिलं काय दिसतं हे विचारा. मग चपला कुठे काढतात ते विचारा. पाण्याचा माठ कुठे आहे, कँटीनमध्ये कसला वास येतो, तेही विचारा. लोक भराभर लिहून घेत होते. सरांचा चेहरा इतका उजळला होता की मला बघवेना.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, “सर, तुम्ही आज पेपर फोडलात.”

“आवो, धा ठिकानी गेलं तर धा ठिकानची पोरं कंपनीत जातील. म्या एकट्यानं किती व्हायवा घ्यायच्या?”

“ते पोरांना कंपनीत पाठवणार नाहीत. उत्तरं पाठ करून घेतील.”

सर चिडले. “बाई, तुमाला ना, कुनाचं बरं झाल्यालं बघवत न्हाई.”

मला कुणाचं बरं झालेलं बघवत नाही हे खरं असेलही. पण पुढे झालं ते मी म्हटलं तसंच. डायरेक्टरांनी ‘गेट पद्धत: मार्गदर्शिका’ छापली. गेटला इतके गुण, चपलांना इतके, वासाला इतके. मग कुठल्याशा हुशार पोरांनी कंपनीवार उत्तरं जमवली आणि त्याची पीडीएफ सगळ्या तालुक्यातल्या कॉलेजांच्या ग्रुपवर फिरली. कुणी तरी एकाने जाऊन बघून यायचं आणि बाकीच्या दोनशेंनी घोकायचं. आमचे प्राध्यापक वर्गात त्याची उजळणी घ्यायला लागले. माझ्याकडे जागा मागायला कुणीही येईना. सरांच्या कानावर यातलं काही गेलं नाही, कारण ते सतत दौऱ्यावर होते, दर्जा उंचावत.

पुढची व्हायवा आली. सर मोठ्या उत्साहाने बसले. पहिली आली कोमल मरगळे. धरणाच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे, तिथली. बाप शेरडं राखतो, वाड्यावरून कॉलेजात आलेली ही पहिलीच. सरांना तिचं भारी कौतुक होतं. त्यांनी तोंड उघडायच्या आतच तिने सुरुवात केली.

“सर, गेटातून आत गेल्यावर डावीकडे वजनकाटा दिसतो. समोर माठ आहे, त्याला लाल फडकं बांधलंय. चपला उजव्या भिंतीशी. कँटीनमधून भज्यांचा वास येतो, पण तेल जुनं आहे.”

“आरं वा!” सर खुर्चीत पुढे सरकले. माझ्याकडे असं पाहिलं की बघा, तुमी काय म्हनत व्हता. कोमलला पैकीच्या पैकी.

दुसरा आला. डावीकडे वजनकाटा, माठाला लाल फडकं, तेल जुनं. सरांनी मान डोलावली, असेल, एकाच कंपनीत गेले असतील. तिसराही तसाच. चौथी मुलगी ‘तेल जुनं आहे’वर आली तेव्हा सरांनी पेन खाली ठेवलं. शिपायाला सांगितलं, कोमलला परत बोलवा.

ती येऊन उभी राहिली. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण सरांचा आवाज अगदी खाली आला होता.

“कोमल, तू गेली व्हतीस?”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“खरं सांग. मारत न्हाई.”

“न्हाई सर.” शिकलेली शुद्ध भाषा तिच्या तोंडून गळून पडली. “जायाला कुनी सांगितलंच न्हाई. पाठ करायला सांगितलं.”

तिच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता, लाज नव्हती. विचारलं तेवढं तिने सांगितलं होतं. सर चष्मा काढून कोटाने पुसायला लागले आणि पुसतच राहिले. मला खूप वाईट वाटलं. ‘मी म्हटलं होतं ना’ हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, मी ते गिळलं.

डायरेक्टरांच्या केबिनमध्ये या वेळी तमाशा झाला नाही. सर म्हणाले, सगळ्यांची व्हायवा रद्द करा, पोरांना कंपनीत धाडा, मागच्या वर्षी धाडली तशी. डायरेक्टर हसले.

“सर, लेट्स बी पॉझिटिव्ह. निकाल शंभर टक्के लागतोय. आणि पद्धत तुमचीच आहे ना?”

“माझीच हाय. म्हनून मीच बंद करतोय.”

“तुमची होती. आता संस्थेची आहे. पुढच्या महिन्यात तीन विद्यापीठांत सादरीकरण आहे आपलं.”

सरांनी पुढे हुज्जत घातली नाही. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाले, “तीन इद्यापीठं,” आणि खाली जाऊन त्या कायमच्या नोकरीचा राजीनामा लिहून दिला. व्हायवा दुसऱ्या परीक्षकाने पुरी केली. श्रीखंड होतं. कोमलसकट सगळे पास झाले.

सर गेल्याचा कुणाला फारसा फरक पडला नाही. स्टाफरूममध्ये दोन दिवस चर्चा झाली, डोक्यावर परिणाम झाला असेल, म्हाताऱ्याला गर्व नडला, वगैरे. गर्व होताच. पण गर्व असलेली माणसं कायमची ऑर्डर मिळाल्यावर ती सोडत नसतात, उलट फ्रेम करून लावतात. आमच्याकडे असल्या फ्रेमा भरपूर होत्या. मी फोन केला तेव्हा त्यांनी उचलला नाही. मी पुन्हा केला नाही, म्हटलं शिव्या खायला कशाला जा.

मग एक दिवस मी माझ्या नेहमीच्या पदर पसरण्याच्या कामाला पिरंगुटजवळच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत गेले होते. एचआर मॅनेजर म्हणजे पंचविशीतला पोरगा, टेबलावर दोन मोबाइल. मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि दार उघडंच होतं. आतून ओळखीचा आवाज आला, पण सूर ओळखीचा नव्हता.

“सायब, नुसतं उभं राहू द्या त्यान्ला. काम सांगा, नका सांगू. झाडू मारतील.”

मी वाकून पाहिलं. इनामदार सर टेबलासमोर उभे होते. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. मागे भिंतीला लागून कोमल आणि आणखी तीन मुलं उभी होती.

“काका, समर प्रोजेक्टचा सीझन संपला ना,” तो पोरगा मोबाइलवरून मान न काढता म्हणाला. “आणि ही मुलं तर पास झालीयत म्हणता. मग आता कशाला?”

“पास झाल्यात. पन येत काय न्हाई त्यान्ला.”

“कॉलेजचं पत्र आहे?”

“मी आता कॉलेजात न्हाई.”

आता त्याने मान वर केली. “मग तुम्ही यांचे कोण?”

आभार मानताना, माफी मागताना ज्या माणसाची जीभ टाळ्याला चिकटायची, तो शब्द शोधत होता.

“ह्यान्ला पाठ करायला लावनारा मीच,” ते म्हणाले.

त्या पोराला काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. त्याने खांदे उडवले. “बघा, दोघांना घेतो. उद्या सकाळच्या शिफ्टला पाठवा.”

“चौघं हायेत, सायब.”

“दोघं म्हटलं ना.”

मला वाटलं, आता सर काहीतरी सणसणीत बोलणार आणि या दोन जागाही घालवणार. पण त्यांनी मुलांकडे एकदा पाहिलं आणि पुढे होऊन त्या पोरासमोर दोन्ही हात जोडले, पार कपाळापर्यंत नेऊन, आणि तसेच उभे राहिले.